चार खोल्यांची पदवी

हिंजवडीजवळच्या आमच्या माणमध्ये आता कुठलीही गोष्ट खोल्यांत मोजतात. पूर्वी पायलीत, मणात मोजायचे. शेतं आयटी पार्कात गेली, त्यांच्याबरोबर ती मापंही गेली. कुणाच्या लग्नाला तीन खोल्या लागतात, कुणाच्या बायपासला दोन. माझ्या ग्राफिक डिझाइनच्या पदवीला चार लागल्या.

त्या भाड्यानं द्यायला आमच्या गच्चीवर व्हायच्या होत्या. विटासुद्धा येऊन पडल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात माझा नंबर लागला आणि आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, गवंड्याला परत पाठवलं. विटा चुलत्यांनी उचलल्या आणि स्वतःच्या गच्चीवर लावल्या. त्या खोल्यांत आता हिंजवडीला कामाला जाणारी पोरं राहतात. भाडं आलं की चुलती आमच्या दारात येऊन, आम्ही बहिरे असल्यासारखी, मोठ्यानं सांगते.

आण्णांनी मला कधी बोल लावला नाही. "चार खोल्या पोरीच्या शिक्षनात गेल्या," असं ते पाहुण्यांना सांगायचे, पण 'हितं आमची हीर हुती' इतक्याच सहज. तेच मला जास्त लागायचं. ते ओरडले असते तर मलाही उलटून ओरडता आलं असतं.

पदवी झाली आणि बाणेरच्या एका जाहिरात कंपनीत नोकरी लागली. कार्डावर 'व्हिज्युअलायझर' असं छापून आलं. आईनं ते कार्ड देवापुढं ठेवलं, शेजारणीला वाचूनही दाखवलं. आईला तो शब्द धड वाचता आला नाही तो भाग वेगळा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पहिला पगार आमच्या मापात दीड खोलीच्या महिन्याच्या भाड्याएवढा भरला. काम काय, तर बिल्डरांच्या जाहिराती. लवासाच्या तळ्यावरचं संध्याकाळचं आकाश उचलायचं आणि मारुंजीच्या इमारतीमागं नेऊन लावायचं. पुढं पगार वाढला, तशी भाडीही वाढली. त्यामुळं मी कितीही वाढले तरी दोन खोल्यांच्या वर काही गेले नाही.

आमच्या खालच्या खोलीत लातूरकडचा एक भाडेकरू होता. तीन महिन्यांचा कुठलासा क्लास आणि बाकी सगळं मोबाइलवर बघून शिकलेला. काम बरं होतं त्याचं, म्हणून मीच ते ऑफिसात नेऊन दाखवलं. त्याला लगेच घेतलं, जवळपास माझ्याच पगारावर. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आण्णांनी त्याला एकदा सहज पगार विचारला. त्या रात्री जेवताना त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं.

अशात धाकटी बारावी झाली. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला, हे ती सहावीत असल्यापासून मला ठाऊक होतं. मी घासून घासून शिकले. तिला ते येतच होतं. घरात कुणाला न सांगता तिनं त्याच कॉलेजची परीक्षा दिली आणि ती पासही झाली. फी आता सहा खोल्यांवर गेली होती.

एका रविवारी सकाळी आण्णांनी मला समोर बसवलं.

"तू त्यातनं गेलीयास. मला त्यातलं काय कळत न्हाई. तू म्हनशील तसं करू. पैसं वसूल व्हत्यात का?"

आत धाकटी चपात्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

खोटं बोलणं अवघड नव्हतं. पण त्याच आठवड्यात ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं होतं. दोन ओळी लिहिल्या की ते पोस्टर काढून द्यायचं, आणि आमच्यातल्या दोघांना घरी बसवलं होतं. त्यात आमचा भाडेकरूही होता. उद्या सहा खोल्या घालून धाकटीही घरीच बसली तर? शिवाय त्या चार वर्षांत मला जे मिळालं होतं, त्याला आमच्या घरात माप नव्हतं. मी तोंड उघडलं आणि आमच्याच मापात उत्तर दिलं.

"न्हाई व्हत, आण्णा."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. त्यांच्या जिवावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. आतलं लाटणं परत सुरू झालं. मला स्वतःचा राग आला नाही. राग त्या हिशेबाचा आला, कारण तो बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन, आणि आजही मला तितकंच वाईट वाटेल.

धाकटी बी.कॉम.ला गेली. गच्चीवर खोल्या उठल्या. भाड्याचं सगळं तीच बघणार असं ठरलं. बोर्ड मी कॉम्प्युटरवर करून देते म्हणाले होते, पण ऑफिसच्या गडबडीत राहून गेलं. एका संध्याकाळी घरी आले तर फाटकाला बोर्ड लागलेला. उरलेला पत्रा, दरवाजाचा उरलेला तपकिरी रंग, आणि 'खोली भाड्याने देणे आहे'.

मी गाडी बंद केली आणि तिथंच उभी राहिले. 'ख' हे फार खोडील अक्षर. जरा सैल पडलं की 'र' आणि 'व' सुटे होतात, आवळलं की पोट बुजतं. कॉलेजात अख्खं सत्र काढून मला ते मनासारखं जमलं नव्हतं. हिनं ते ब्रशच्या एका दमात काढलं होतं. पुढची अक्षरंही तशीच, नीट श्वास घेत बसलेली.

आण्णा मागं येऊन उभे राहिले. "झ्याक झालंय. छापल्यावानी."

छापलेलं इतकं चांगलं नसतं, हे मला सांगता आलं नाही. आण्णांना तिथं बोर्ड दिसत होता, आईलाही बोर्डच. खुद्द धाकटीलाही बोर्डच दिसत होता. आमचं काय गेलं, ते घरात एकट्या मला दिसत होतं, आणि ते दिसायलाच माझ्या चार खोल्या लागल्या होत्या.

आठवडाभरात सगळ्या खोल्या भरल्या. धाकटीनं बोर्ड उतरवला, अक्षरं खाली करून पाण्याच्या पिंपावर ठेवला आणि चारी कडा चाचपून बघितल्या.

"बग ताई," ती खुशीत म्हणाली, "झाकन कसं बरोब्बर बसलंय."