सब्जाला पाणी

साठच्या दशकात आम्ही राहायचो ती वस्ती आता शोधूनही सापडत नाही. दुबईपासून दिवसभराच्या वाटेवर खजुराच्या बागा, झावळ्यांच्या वीसेक झोपड्या आणि गोड्या पाण्याची एकच विहीर. अब्बा रत्नागिरीकडचे सुतार. विहिरीचा रहाट दुरुस्त करायला म्हणून गलबतातून आले, ते तिथलेच झाले. मागाहून आम्हालाही आणलं.

माझी धाकटी बहीण सात महिन्यांची असताना तापाने गेली. वाळूत पुरलं, दोन दगड ठेवले, खलास. तिथली रीतच तशी. पण अम्मी कोकणची! आमच्याकडे कबरीवर सब्जा लावतात, पुढचं पाऊस बघून घेतो. हिने गावचं बी पेरलं आणि मग ध्यानात आलं, इथे पाऊस कुठला? झालं! रोज कळशी घेऊन निघायची. मागून मी, तोंड फुगवून.

शेजारच्या अरब म्हातारीला आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. ती भर विहिरीवर कडाडली, "शेळ्या तहानल्यात आणि तू वाळूला पाणी पाजतेस?" अम्मी कळशी भरून चालू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कळशी. हट्टी बाई!

मग अम्मीच तापाने आडवी झाली. दहा दिवस एकच जप, "गेलं गं माझं रोप!" जरा उभं राहता येताच माझा खांदा धरून निघाली. बघतो तर सब्जा हिरवागार, माती ओली. शेजारी खाला, हातात रिकामा लोटा. नमाजाआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या पाण्यातलं वाचवून रोज घालत होती. वर आमच्यावरच डाफरली, "एवढा उशीर?" अम्मी तिच्या गळ्यात पडून रडली.

पुढे विहीर खारी झाली, बागा वाळल्या, माणसं पांगली. आम्ही दुबई शहरात, बर दुबई भागात राहायला आलो. खाला पुन्हा भेटली नाही. तिच्या आठवणीने आजही जीव तुटतो.

म्हातारपणी अम्मीने धोशाच लावला, "एकदा मला माझ्या बाळाच्या कबरीकडे ने." नेलं. तिथे सगळे बंगलेच बंगले. विहीर कुठे, कबर कुठे, काही कळेना. अम्मी भिंतींच्या कडेने सब्जाचा वास शोधत फिरली. मी वैतागले, "अम्मी, यल्ला, चल ना, ऊन बघ किती!"

एका कुंपणापाशी ती थांबली. आत माळी हिरवळीवर पाइप धरून उभा होता. अम्मी बराच वेळ बघत राहिली.

"चल आता," ती म्हणाली, "पाणी घालतंय कुणीतरी."