ओलसर राहिलेलं केळ्याचं पीठ

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. आमच्याकडे केळी वाळवायला येणाऱ्या बायकांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? — तेही नीट सांगता यायचं नाही.

रावेरला आमचं छोटं काम आहे. पॅकिंगवाले बाजूला टाकतात ती कच्ची केळी — बारकी, डागाची — आम्ही घेतो, चकत्या करून वाळवतो आणि दळतो. हे पीठ लहान वासरांसाठी. कच्च्या केळ्यातल्या पिष्टाचा काही भाग वासराला पचत नाही. तो तसाच आतड्यात खाली उतरतो आणि तिथल्या चांगल्या जंतूंचं ते खाणं होतं. ते जोमात राहिले की हगवण लावणाऱ्यांना जागा कमी उरते. औषध नव्हे, खुराकच. कोमट दुधात चमचाभर कालवायचं, बस. आणि गुण येतो, हे मी अजूनही छातीठोकपणे सांगेन — पीठ चांगलं असेल तर.

चकती हातात कडकन मोडली पाहिजे. वाकली तर ती ओली. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

त्या वर्षी नणंदेचं लग्न होतं. पाहुणे यायच्या आत अंगण मोकळं हवं होतं. चकत्या वाकत होत्या — मी स्वतः वाकवून बघितल्या — तरी दळायला लावल्या आणि पोती शिवून टाकली. त्यातलं एक पोतं भडगावला गेलं, नानांकडे.

नानांचा गाईंचा गोठा. वासरांचं सगळं त्यांची सून वंदना बघायची. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. पण गोठ्यात ती रमली होती, प्रत्येक वासराला नाव ठेवायची.

काही दिवसांनी नानांचा फोन आला. “ताई, बठ्ठा वासरे आजारी शेतस. एक तर मरी गयं.” सगळ्याच वासरांना हगवण लागली होती.

फोन ठेवला आणि घरात उरलेलं त्याच दळणाचं पोतं उसवलं. आत बुरशीचे हिरवट-करडे गोळे. कुबट वास. मला तिथेच कळलं. मग मी काय केलं? — ते पोतं शेतात नेऊन खड्ड्यात पुरलं, हात धुतले आणि भडगावची एसटी पकडली.

वाटेत ठरवलं होतं का, की खोटं बोलायचं? खरं सांगू — ठरवलं नव्हतं. पण खरं बोलायचं, असंही ठरवलं नव्हतं.

गोठ्यात नाना होते, त्यांची बायको होती आणि वंदना एका वासराला मांडीशी धरून मीठ-गुळाचं पाणी पाजत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. समोर दुधाची बादली पालथी घातलेली होती. मी ती उचलली, हुंगली आणि म्हणाले, “हिला आंबूस वास येतोय. बादली नीट धुतली जात नाही वाटतं.”

दुधाच्या कुठल्या बादलीला थोडा वास येत नाही?

“ताई, मी रोज धुस,” वंदना म्हणाली. “गरम पानी घीसन धुस.”

मी तिच्याकडे बघितलं नाही. सासू तिला बोलायला लागली — माहेरावरून, हातावरून, सगळ्यावरून. मी थांबवू शकले असते. त्याऐवजी म्हणाले, “उरलेलं पीठ मी परत नेते. उगाच मनात शंका नको, दुसरं पाठवते.” त्यांना तो माझा चांगुलपणा वाटला. नानांनी हात जोडले — आमच्याच चुकीपायी तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं, म्हणाले. चहा दिला. मी तो प्याले.

ते पीठ बंद झालं तशी बाकीची वासरं सावरली. लोकांना वाटलं, बादली बदलली म्हणून. नानांनी पुढे माझं नाव चार गावांत सांगितलं.

त्यानंतर मी ओली चकती कधी दळली नाही. पण त्यानं वंदनाचं काय होणार?

गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या कृषी प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. ती तिथे आली. आधी मी ओळखलंच नाही. तीच हसली. म्हणाली, “ताई, तुम्ही सांगं तवपासून मी बादली दोनदा धुस. एक बी वासरू गयं नही.” मग सहज सांगावं तसं म्हणाली, की नवं वासरू झालं की सासूबाई अजून शेजारी उभ्या राहतात. एकटीला पाजू देत नाहीत. त्या मेलेल्या वासराचं नाव तिनं घेतलं — सोनी.

आम्ही दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी पिठाची पिशवी काढून तिच्या हातात दिली. पैसे नको म्हटलं. ती संकोचली, मग घेतली, आणि मला वाकून नमस्कार केला.

मी तो करू दिला. मग स्टॉलपाशी आलेल्या दुसऱ्या बाईकडे वळले आणि पीठ दुधात कसं कालवायचं, ते तिला सांगायला लागले.