दारात रांगोळी नव्हती त्या सकाळी

नवऱ्याला तोंडावर जन्मभर 'अहो' म्हटलं. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणणार आहे. तेवढी मोकळीक मी कमावली आहे.

नेरच्या कापूस बाजारात त्याची अडत होती. दिवसभर लिलावात ओरडून आलेला माणूस घरी तरी गप्प बसेल, असं कुणालाही वाटेल. तो घरी येऊन हळू आवाजात बोलायचा, आणि मला रडवल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. आम्हाला मूल नाही. वरणात मीठ कमी पडलं तरी बोलणं शेवटी तिथेच जायचं. "तुह्या पोटी दगडबी निपजला नाही," म्हणायचा, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं की ताट पुढे ओढायचा. नाही आलं, तर माझ्या मेलेल्या बापावर घसरायचा. तिथे मी हमखास रडायचे. मग त्याला छान झोप लागायची.

पुढे त्याला लकवा मारला. डावी बाजू गेली, अर्धं तोंड लोंबलं. जीभ तेवढी राहिली. जरा जड झाली, पण धार तीच. त्याला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, आणि भरवता भरवता दगडाचं ऐकायचं. शेवटी डॉक्टरच मला म्हणाले, "काकू, तुमच्याकडे बघा आता. तुम्हीच आडव्या व्हाल."

म्हणून मी समाजमंदिरातल्या योगवर्गाला जाऊ लागले. दुपारी, तो झोपला की. शिकवणाऱ्या बाई यवतमाळहून एसटीनं यायच्या. डोळे मिटून श्वास रोखायचा, सोडायचा, ते झालं की त्या आम्हाला कागदावर गोल काढायला लावत. मधल्या ठिपक्यापासून बाहेर, पाकळीला पाकळी, नजर फक्त हातावर. "मन उठलं की त्याला नाव द्या," त्या सांगत. "राग आला, राग म्हणा. दुःख आलं, दुःख म्हणा. हाकलू नका, आणि बसा, पाणी घ्या, असंही म्हणू नका." बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसत. म्हातारपणी चित्रकलेचा तास, म्हणत. मी हसले नाही. बुडणाऱ्यानं दोर तपासत बसू नये.

घरी कागद कुठे शोधू? रोज दारात रांगोळी काढतच होते, तीच सावकाश काढू लागले. आणि खरं सांगते, गुण आला. तो दगड म्हणाला की मी मनात म्हणायचे, हा टोमणा. राग उठला की म्हणायचे, हा राग. येऊन जायचा. बापावर गेला, तरी डोळे कोरडे.

चार-सहा दिवसांत त्याच्या लक्षात आलं. "काहून रडून नाही राह्यली?" त्यानं सरळच विचारलं, बाजारात मालात खोट काढावी तसं. मी त्याच्या तोंडात घास दिला.

एव्हाना तो काठी टेकत ओसरीपर्यंत येऊ लागला होता. मग त्यानं उरलासुरला चहा तिथून माझ्या रांगोळीवर फेकायला सुरुवात केली. मी पुसून पुन्हा काढायचे. पुन्हा फेकायचा, पुन्हा काढायचे. त्याचं अन्नावरचं मन उडालं. शिवी समोरच्याला लागली नाही की देणाऱ्यालाच बाधते. त्याला आता एकच हवं होतं, मी एकदा रडावं. आणि मला एकच हवं होतं, ते त्याला मिळू नये.

एक दिवस त्याच्या छातीत कफ दाटला. डॉक्टर घरी येऊन गेले, ते साऱ्या गल्लीनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांगोळीचा डबा शोधते, तर डबा न्हाणीत रिकामा. रात्री कसाबसा काठी टेकत गेला होता आणि सगळी रांगोळी बादलीत ओतून आला होता. खाटेवर पडून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी ओसरीवर गेले, भिंतीला टेकून बसले, डोळे मिटले आणि श्वास रोखून धरला.

आमच्याकडे दारात रांगोळी नाही म्हणजे घरात मयत. शेजारीण दूध घेऊन जात होती. तिनं कोरडं दार पाहिलं, मला पाहिलं आणि आत आली. "गेले का वं भाऊ?" मी श्वास धरलेला, काय बोलणार? तिनं गळाच काढला. बघता बघता गल्लीतल्या बाया जमल्या.

मी श्वास सोडला आणि डोळे उघडले. ओसरीच्या खिडकीला लागून त्याची खाट. गजांमागे त्याचे डोळे टक्क उघडे होते. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला ऐकायचं होतं, आणि त्यालाही ऐकू द्यायचं होतं.

"सुटला बिचारा," एक म्हणाली.

"बिचारा कायचा? हिले जितेपणी जाळलं त्यानं."

"रडून घे वं बाई," शेजारीण माझी पाठ चोळत म्हणाली. "नाही त छाती भरून येईन."

"कायले रडन ते? मी असती त गल्लीत पेढे वाटले असते."

हे ऐकून दोघी-तिघींना हसू आलं, मयताच्या घरात येतं तसं, दाबलेलं. सगळ्यांचं बोलून होऊ दिलं. मग म्हणाले, "आहेत ते. आत पडले आहेत. रांगोळी संपली."

बाया चपला शोधू लागल्या. जाता जाता एक चाचरत म्हणाली, "चांगलंच झालं. मेल्याची खोटी खबर उठली की आयुष्य वाढते म्हणतेत." ही भीती, मी मनात म्हटलं.

चहा घेऊन आत गेले. त्यानं कप घेतला नाही.

"तुले माहीत होतं मी जित्ता आहो," तो म्हणाला. "म्हणून नाही रडली. हो ना?"

इतक्या वर्षांत त्यानं मला काही मागितलं असेल तर ते हे. मी खरंच आत शोधून पाहिलं. नाव द्यायला काही सापडलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

तो रडू लागला. अर्धं तोंड रडत होतं, अर्धं तसंच लोंबत होतं. "खोटं त बोलायचं होतं," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून मी त्याच्याशी खोटंच बोलत आले होते. बरं. चुकलं माझं. तुम्ही म्हणाल तसं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, त्यातलं एखादं तरी निघेल म्हणून. मी भात टाकायला उठले.