हत्ती पटावर असताना बुर्जी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर हसणारा मी माणूस. आजही हसतो. पण ही एक गोष्ट आठवली की हसू येत नाही... बरं वाटतं.

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. कर्जतला आमचा बुद्धिबळाचा क्लब होता. क्लब कसला, तात्यांची ओसरी! मी आणि लोधिवलीचा शांताराम, दोघेही त्यांचेच चेले, आणि खेळात अगदी तोडीस तोड. तात्यांची एक खोड होती. एका बाजूचा नुसता राजा उरला की त्याला 'बुर्जी' म्हणतात, डाव बरोबरीत. तात्या मात्र कुठल्याही बरोबरीला बुर्जीच म्हणायचे! चूक दाखवली तर आमच्यावरच डाफरायचे. "बुर्जी रं! उठा, चा घ्या," हे त्यांचं ठरलेलं.

तात्या गेले. काकू म्हणाल्या, "यंदाच्या खालापूरच्या स्पर्धेत तुमच्यातला जो जिंकेल त्यानं ह्यांचे मोहरे न्यावेत." झालं! दोघांनाही ते हवेच होते. आमचं बोलणंच बंद झालं. बाजारात शांताराम दिसला की मी दुसऱ्या गल्लीत वळायचो. जीव तुटायचा, पण वळायचो.

तिथल्या शाळेत स्पर्धा झाली. शेवटचा डाव नेमका आमचाच. दोघांकडे एकेक हत्ती, थोडी प्यादी... जो चुकेल तो मेला. शांताराम घामाघूम. आणि कानाशी स्पष्ट आवाज आला —

"बुर्जी रं! उठा, चा घ्या."

मी मान वर केली. शांतारामचे डोळे भरले होते.

"तात्या हाय रं," तो पुटपुटला.

दोघांनी एकदमच हात पुढे केला. बरोबरी!

भास झाला असेल, म्हणाल. मीही तेच म्हणालो असतो. पण ठाण्याहून आलेले पंच, ज्यांनी तात्यांना जन्मात पाहिलं नव्हतं, ते तरातरा आले. "त्या आजोबांना आधी बाहेर काढा! आणि काय हो, हत्ती पटावर असताना बुर्जी कसली?"

त्यांनी बोट दाखवलं तिथे नुसती भिंत होती.

काकूंनी मोहरे वाटून दिले. पांढरे माझ्याकडे, काळे शांतारामकडे. त्यामुळे खेळायचं तर भेटावंच लागतं! तेव्हा कोण बोललं, ते आजतागायत कळलेलं नाही. अजूनही डाव बरोबरीत सुटला की आम्ही दोघं उगाच जरा कान देऊन बसतो. मग आतून आमची ही ओरडते, "झाली का हो बुर्जी? चहा निवतोय!"