टीव्हीवर दाखवलेलं घर

हिरा ओव्हाळ झोपडीत वाढली नाही. तिच्याविषयी ज्यांना काही माहीत आहे, त्या सगळ्यांना नेमकं उलटं माहीत आहे, म्हणून सुरुवात इथूनच करावी लागते.

ती वाढली खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. दोन खोल्या, विटांच्या भिंती, घरात नळ. वडील बाबुराव कारखान्यात कायम नोकरीला. घरात त्यांना अण्णा म्हणत. अण्णांचे वडील नगरकडच्या एका गावाबाहेरची झोपडी सोडून पुण्यात आले. छप्पन्न सालानंतर त्यांनी धम्म स्वीकारला आणि मुलाला बजावलं, काहीही होवो, पुन्हा त्या छपराखाली वाकून शिरायचं नाही. अण्णांनी ते ऐकलं. कामावर जातानाही त्यांच्या शर्टाला कडक इस्त्री असे. वरून खाकी डगला चढवल्यावर तो शर्ट कोणाला दिसत नसे, तरीही.

हिरा पहिल्यांदा गायली ती चौदा एप्रिलच्या स्टेजवर. तिचा आवाज जाड होता, तळातून यायचा, आणि वर चढला की पत्रा कापत जावं तसा जायचा. असा आवाज लोक थांबून ऐकतात, पण तो कुठे ठेवायचा हे त्यांना कळत नाही. अण्णांना कळत होतं. तिचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, गुडघ्यावर बोटाने ताल धरून बसायचे.

नव्वदीनंतर पुण्यात पैसा दिसायला लागला. गणपतीच्या मांडवांवर टूथपेस्टच्या आणि मोटारसायकलींच्या कमानी लागल्या, आणि कमानी लावणाऱ्यांना ऑर्केस्ट्रा हवा होता. हिरा ऑर्केस्ट्रात गायली. मधे लग्न झालं. नवऱ्याला गाणारी बायको हवी होती, पण घरात गाणारी. ते मोडलं. ती क्वार्टरमध्ये परत आली आणि पुन्हा गायला लागली.

मग तिला सदाशिव पेठेतल्या बापूरावांनी ऐकलं. ते जुनी संगीत नाटकं नव्याने उभी करत होते. त्यांची नायिका चांगल्या घरातली होती, शालूत शोभायची, पण तिचा श्वास दुसऱ्या ओळीलाच संपायचा. त्यावर बापूरावांनी उपाय काढला. नायिका पुढे उभी राहून ओठ हलवायची, आणि हिरा विंगेत स्टुलावर बसून गायची. वन्समोअर आला की नायिका प्रेक्षकांना नमस्कार करायची आणि हिरा ते पद पुन्हा म्हणायची.

एका तालमीला हिराने विचारलं, "बापूराव, मला पुढे कधी उभं करणार?"

"आवाज उत्तम आहे तुमचा, वादच नाही. पण नाटक पुराणकाळातलं. चेहरा त्या काळातला लागतो."

"त्या काळात आमचे चेहरे नव्हते का?"

"होते की. प्रश्न विचारत नव्हते."

सगळे हसले. ऑर्गनवाला हसला, तबलजी हसला. या शहरात अशा वाक्यावर हसायची रीत आहे. ज्याच्या अंगावर ते पडतं त्यानेही हसायचं असतं, म्हणजे तो सुसंस्कृत ठरतो. हिरा हसली नाही. पर्स उचलून चालत पेठेबाहेर पडली आणि परत गेली नाही.

दोन हजार पाच साली एका खासगी वाहिनीने मोठ्या माणसांसाठी गाण्याची स्पर्धा काढली. मतं मोबाइलवरून द्यायची. हिरा निवडली गेली. पहिल्या भागात ती दिसलीही आणि ऐकूही आली. विंगेतल्या स्टुलानंतर प्रथमच तिचा चेहरा आणि तिचा आवाज एकाच जागी होते. अण्णांनी त्या रात्री पेढे वाटले.

दुसऱ्या भागाआधी चैतालीचा फोन आला. स्पर्धकांच्या घरच्या फिल्म करणारी ही मुलगी. विशीतली, बोलायला गोड.

"हिराताई, तुमची जर्नी दाखवायची आहे. घरी शूट करू. घर कसंय?"

हिराने सांगितलं.

"फ्रीज आहे? अच्छा. आणि वडील परमनंट? अच्छा." प्रत्येक अच्छा आधीच्यापेक्षा लहान होत गेला.

अण्णांनी घराला चुना दिला. गोदाबाईंनी, हिराच्या आईने, ठेवणीतले कप काढले. अण्णा कपाटातला नवा शर्ट घालून खुर्चीत बसून राहिले. पण क्वार्टर्सचा परिसर लष्करी कारखान्याचा. तिथे परवानगीशिवाय कॅमेरा चालत नाही. पहारेकऱ्याने वाहिनीची गाडी फाटकावरच अडवली. अण्णा तिथवर गेले. म्हणाले, "अर्ज करा, मिळते परवानगी. मी स्वतः साहेबांना भेटतो."

"काका, एपिसोड शुक्रवारी आहे," चैताली म्हणाली. "आम्ही ताईंना दुसऱ्या लोकेशनला नेतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

लोकेशन म्हणजे नदीकाठच्या वस्तीतली एक झोपडी. ती वासंती नावाच्या बाईची होती. वासंती चार घरची धुणीभांडी करायची आणि त्यातून तिने झोपडीत रंगीत टीव्ही घेतला होता, भांड्यांची स्टीलची मांडणी घेतली होती, गॅस घेतला होता. चैतालीच्या माणसांनी टीव्ही बाहेर काढला. मांडणी बाहेर काढली. गॅसची शेगडी बाहेर काढली आणि कुठूनतरी तीन विटा आणून चूल मांडली. गरिबी हवी तेवढी भरत नव्हती, म्हणून गरिबाचं घर आधी रिकामं केलं.

वासंती आपल्या सामानाशेजारी उन्हात उभी होती. म्हणाली, "अहो मॅडम, गरीबच दाखवायचं तर मला बसवा की. ही बाई तर माझ्यापेक्षा टापटीप दिसतीय."

"तुम्हाला गाता येतं का मावशी?"

"गाण्याचं काय काम आहे? रडायचंच आहे ना?"

माणसं हसली. चैतालीही हसली. मग हिराकडे वळून तिने खालच्या आवाजात म्हटलं, "ताई, दोन मिनिटांचं आहे. सगळेच करतात. पुढच्या फेरीत जायचंय ना?"

हिराला जायचं होतं. विंगेतल्या त्या स्टुलावर तिला पुन्हा बसायचं नव्हतं. ती वाकून आत शिरली, चुलीपुढे बसली, आणि फुंकणीने जाळ केला. धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं. "सुंदर!" चैताली म्हणाली.

शुक्रवारी क्वार्टर्समधली शेजारची सगळी माणसं ओव्हाळांच्या घरी टीव्हीपुढे बसली होती. निवेदक म्हणाला, याच झोपडीत, याच चुलीपुढे हिराने पहिला सूर लावला. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग चुना दिलेल्या भिंतींकडे पाहिलं, आणि एकेक करून उठून गेले.

अण्णांनी विचारलं, "चूल तू पेटवलीस?"

"अण्णा, दोन मिनिटांचं काम होतं, त्या म्हणाल्या की..."

"मी विचारतोय, तू पेटवलीस का?"

"हो."

अण्णा उठले आणि शर्ट बदलायला आत गेले.

पुढच्या भागाला स्पर्धकांच्या वडिलांना स्टुडिओत बोलावलं होतं. अण्णा येतील असं हिराला वाटलं नव्हतं. ते आले. हातात माईक आल्यावर ताठ उभे राहून, कारखान्याच्या सभेत बोलतात तसं बोलले. "ते घर आमचं नाही. आमचं घर पक्कं आहे. मी नोकरदार माणूस आहे. झोपडीत राहण्यात लाज नाही, पण माझ्या बापाने जी सोडली तिच्यात माझी मुलगी बसवायचा तुम्हाला अधिकार नाही." मग कुणीतरी टाळ्या वाजवा अशी खूण केली, आणि टाळ्या झाल्या.

प्रक्षेपणात अण्णा उठताना दिसले, माईक घेताना दिसले, तोंड उघडताना दिसले. तिथे व्हायोलिन सुरू झालं. परीक्षक बाई डोळे पुसताना दिसल्या. निवेदक म्हणाला, लेकीचं यश पाहून बाबांना शब्द फुटेना.

ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर नीट, पूर्ण, आपलं म्हणणं मांडलं, त्याच्याविषयी ते म्हणाले, शब्द फुटेना. याला चोरी म्हणतात. पण चोरीला पोलीस चौकी असते; हिला जाहिराती होत्या.

हिराने चैतालीला फोन केला. "अण्णांचं बोलणं कुठे गेलं?"

"ताई, एपिसोड लांबला होता. आणि जरा निगेटिव्ह वाटत होतं ते. पण मतं बघा ना किती आली!"

मतं खरोखर आली. हिरा तिसरी आली. ती मतं गळ्याला पडली की धुराला, हे तिला कधीच कळणार नव्हतं. एका गाणारीकडून इतकं काढून घेतल्यावर तिच्या हातात बक्षिसाची बाहुली ठेवली काय आणि न ठेवली काय.

अण्णा निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागलं. म्हणजे दाखवायला खरं घरही उरलं नाही. फंडातून त्यांनी बिबवेवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. जिन्यात भेटलेल्या पहिल्याच शेजाऱ्याने हात जोडले. "टीव्हीने नशीब पालटलं हो तुमचं. झोपडीतून थेट सोसायटीत!"

अण्णा त्या दिवशी हिराला म्हणाले, "जितक्या लोकांनी ते पाहिलं त्यांच्यापैकी थोड्यांसमोर तरी ते खोडलं गेलं पाहिजे. तोवर तुझ्या गाण्याला मी येणार नाही." आणि ते आले नाहीत. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची दुसरं कुणीतरी घेऊ लागलं.

तेव्हापासून हिरा खोडत राहिली. कोथरूडला, पिंपरीला, कुठेही निवेदक "झोपडीतून आलेला हा हिरा" म्हणाला की ती माईक घेऊन आधी सांगायची, मी क्वार्टर्समध्ये वाढले, माझे वडील कायम नोकरीत होते. लोक कुजबुजायचे. गाण्याला आलेल्या माणसाला दुरुस्ती नको असते. आयोजक म्हणायचे, बाईंना यश पचलं नाही. हळूहळू बोलावणी कमी झाली. कार्यक्रम मिळवून देणारा अभय स्वतःच निवेदनही करायचा. तो एकदा सरळ बोलला. "ताई, तुमची स्टोरी विकली जाते. गळा त्याच्यावर फुकट मिळतो. मला हे आवडतं असं नाही, पण असंय."

आणि अण्णा म्हातारे होत चालले होते. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं, तशी हिराची घाई वाढली. त्यांच्यासमोर, भरल्या सभागृहात, एकदा खरं सांगितलं जायला हवं होतं. अण्णांना काही ऐकूच येईनासं झाल्यावर खरं सांगून तिला काय मिळणार होतं?

दोन हजार अकरा साली हिंजवडीतल्या एका कंपनीचा वार्षिक समारंभ आला. मोठं सभागृह, कर्मचारी, त्यांची कुटुंबं. हिराने अभयला अट घातली. "ओळख मी सांगते तशी करायची. तरच येते."

"शब्द दिला, ताई."

त्या शब्दावर तिने अण्णांना आणलं. ते काठी टेकत आले आणि पहिल्या रांगेत बसले.

वादक नव्हते. वाजवणं सगळं आधी ध्वनिमुद्रित करून आणलेलं. ट्रॅक लावायचा आणि वर गायचं, हीच आता पद्धत होती. अभय स्टेजवर गेला आणि म्हणाला, "आधी एक छोटीशी फिल्म बघू या." मागच्या प्रचंड पडद्यावर झोपडी आली. चूल आली. धूर आला. मग अण्णांचं उघडं तोंड आणि व्हायोलिन. कंपनीने ते नेटवरून शोधून काढलं होतं. अभयने नको म्हटलं नव्हतं. खुर्चीतले अण्णा पडद्यावरच्या अण्णांकडे मान वर करून पाहत होते.

ट्रॅक सुरू झाला. हिरा माईक धरून उभी राहिली. पहिल्या ओळीची जागा आली आणि गेली. तबलजी असता तर तिच्याकडे पाहून थांबला असता. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. गाण्याशिवाय गाणं पुढे चाललं.

"ताई, चालू झालंय," अभय कडेने ओरडला.

"चालू दे," हिरा माईकवरून म्हणाली. पायऱ्या उतरून ती खाली आली आणि माईक अण्णांच्या हातात दिला. "अण्णा, तेव्हा बोलला होतात ते बोला. आता कुणी कापायला नाही."

अण्णा उठले. काठी खुर्चीला टेकवली. ट्रॅकवर बासरी वाजत होती; तिच्यावरून ते मोठ्याने बोलले. ते घर आमचं नव्हतं, आमचं घर पक्कं होतं, मी नोकरदार माणूस होतो, माझ्या बापाने सोडलेल्या झोपडीत माझी मुलगी बसवायचा कुणाला अधिकार नव्हता. एकही शब्द सुटला नाही.

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. कडकडून. मोबाइल वर झाले. काही मुली डोळे पुसू लागल्या. त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला होता.

अण्णांनी हात वर केला. "टाळ्या नकोत. ऐकलं का, ते सांगा."

टाळ्या विस्कटत थांबल्या. लगेच मागच्या रांगेतला एक तरुण मोठ्याने म्हणाला, "हो काका, ऐकलं."

"काय ऐकलं?"

तो गडबडला. शेजारच्याकडे पाहू लागला. ट्रॅक संपला होता आणि स्पीकरमधून नुसती घरघर येत होती. अण्णा माईक धरून उभेच होते.

"बसणार नाही मी," ते म्हणाले. "सांग."

तो तरुण उठून उभा राहिला. "घर पक्कं होतं," तो म्हणाला. "तुमचं घर पक्कं होतं."

"खडकीत," अण्णा म्हणाले.

"खडकीत."

अण्णांनी माईक हिराच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. अभय ट्रॅक पुन्हा लावायला धावला. हिराने हातानेच त्याला नको म्हटलं आणि तिथेच, वडिलांच्या खुर्चीपाशी उभी राहून, वाद्यांशिवाय पहिली ओळ उचलली.