छाणीत अडलेली मिरच्यांची गाडी

पहाटे पाचला नंदुरबार सोडलं तेव्हा पिकअपच्या मागे मिरचीची तीन पोती होती आणि पुढे मी एकटा. दरवर्षी वर्षाच्या मसाल्याची मिरची माझी बायको विमल बडोद्याला तिच्या थोरल्या बहिणीकडे न्यायची. मी नुसता ड्रायव्हर. विमलला जाऊन आता वर्ष झालं.

बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. त्यांनी बडोद्यातल्या कारेलीबागेतून फोनवर बजावलं होतं, "विमलच्या नावानं बारा वाजता पान वाढणार आहे. वेळेवर यायचं असेल तर या. नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नका."

बाईचं चुकलं नव्हतं. विमल गेली तेव्हा मी त्यांना वेळेत कळवलंच नाही. त्या पोचल्या तोवर सगळं उरकलं होतं. सख्ख्या बहिणीचं तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद, ते या फोनला उघडलं. म्हणून यंदा काही झालं तरी बाराच्या आत पोचायचं होतं.

रस्ता मात्र झकास. सागबाऱ्याच्या पुढे सागाची पानगळ आणि मधेमधे पळस असा फुललेला की डोळे दिपावेत. तिकडे त्याला केसूडो म्हणतात. राजपिपळ्याला चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, "काका, एकला?" (एकटेच?) म्हटलं, "एकटा कुठला, मिरच्या आहेत की." तो हसला आणि शिंकला.

बडोद्याच्या हायवेला लागलो आणि शहरात शिरायचं वळण हुकलं. पूर्वी "आता वळा" असं शेजारून कानावर यायचं. सरळ गेलो तो थेट शहरापलीकडच्या छाणीला. तिथं गाडीच्या पोटात खडाक झालं आणि गाडी थांबली. एका ट्रॅक्टरवाल्यानं वर्कशॉपपर्यंत ओढून नेलं. वर्कशॉपचा मालक जिगरभाई गाडी अडली तिथंच भेटला होता. तो माझ्या शेजारी बसून आला.

मागच्या चाकांना जोर नेणारा लांब शाफ्ट असतो, त्याचा जोड तुटला होता. जिगरभाई गाडीखाली शिरला. हातोडीचा घाव बसला की वरून मिरचीची धूळ पडायची आणि खालून शिंक यायची. ठोक, शिंक, ठोक, शिंक. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "जिगर, मसालो पण बदलजे!" (मसालाही बदल!)

अकराला नवा जोड बसला. मी देवाचं नाव घेऊन चावी फिरवली. इंजिन मस्त सुरू. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी जागची हलेना. रिव्हर्स टाकला. तरी नाही. इंजिन आपलं गुरगुरतंय, गाडी ढिम्म.

"ब्रेक जाम हशे," (जाम असेल) पंक्चरवाला म्हणाला.

मी म्हटलं, "ब्रेक जाम असता तर इंजिन दम तोडून बंद पडलं असतं. हे तर मजेत चाललंय." मी चौथी शिकलेला, पण एवढं कळतं.

जिगरभाई वाकून खाली बघत म्हणाला, "काका, गिअर टाका." टाकला. "शाफ्ट फरतोज नथी." (फिरतच नाही.) त्यानं कपाळ पुसलं. "मेरा जॉइंट बराबर है. लोचा गिअरबॉक्स में है. उतारना पडेगा. दो दिन."

दोन दिवस! सव्वाअकरा झाले होते. मी अक्कांना फोन लावला आणि खरं ते सांगितलं.

"छाणीला?" त्या ओरडल्या. "कारेलीबाग सोडून छाणीला कशाला गेलात?"

"वळण चुकलं."

"तुमचं नेहमीचंच आहे, नामदेवराव. थांबा तिथंच." आणि फोन ठेवला. मला वाटलं, संपलं.

बाराला दहा कमी असताना रिक्षा आली. आतून अक्का उतरल्या. पंच्याहत्तरी गाठलेली बाई, हातात चार पुडांचा डबा. "पान बारालाच वाढणार. घरी नाही तर इथं." ऊन होतं, म्हणून सरळ माझ्या पिकअपमध्ये विमलच्या जागेवर चढून बसल्या. आणि लगेच किंचाळल्या, "अगं बाई! हा कसला दांडा गुडघ्यात घुसतोय?"

मी बघितलं आणि डोक्यात उजेड पडला.

आमची गाडी जुनी, चारही चाकांना जोर देणारी. तिला गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी एक लहान दांडा आहे. तो मधे राहिला की गिअर टाका नाहीतर काही करा, जोर कुठल्याच चाकाला जात नाही. गाडी ओढून न्यायची तेव्हा तो मधे करायचा. ट्रॅक्टरला दोर बांधताना मी सवयीनं बोललो होतो, "लहान दांडा मधे कर." जिगरभाईनं केला, आणि मग दोघंही विसरलो. तीस वर्षं मी विमलला तेवढंच सांगत आलो. मग तो परत लावायचं कधी सांगावंच लागलं नाही. तिचं ती लावायची.

"अक्का," मी म्हटलं, "तो दांडा मागे ओढा."

"मी?"

"दोन्ही हातांनी ओढा."

त्यांनी ओढला. खट्ट झालं. मी चढून चावी फिरवली, पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी अलगद पुढे सरकली. जिगरभाईनं कपाळावर हात मारला. "काका, बोलना था ना!"

"मलाही आत्ताच कळलं रे बाबा."

गाडी झाडाखाली लावून डबा उघडला. अक्कांनी सीटवरच केळीचं पान पसरलं, आधी विमलसाठी वाढलं, मग मला. पोळी, वांग्याची भाजी, आमटी. आमटीत गूळ. बडोद्याच्या आमच्या लोकांना गुजरातचं पाणी लागलंय, काय करणार. बारा वाजले होते.

जेवता जेवता अक्कांनी विचारलंच. "मला का नाही कळवलंत?"

"कळवायचं म्हणजे 'विमल गेली' असं तोंडानं म्हणायला हवं होतं. मला म्हणता येईना. बसून राहिलो."

त्यांनी मला अजून एक पोळी वाढली. मग म्हणाल्या, "शेवटी काय बोलली?"

"म्हणाली, ऊन आहे तर मिरच्या पसरून घ्या."

अक्का आधी हसल्या. मग पदर डोळ्यांना लावला. "मिरचीची धूळ," म्हणाल्या. मीही तेच म्हणालो.

मिरच्या अक्कांकडे उतरवून दुसऱ्या दिवशी परत निघालो. लोक बडोद्याला जाऊन राजवाडा बघतात, मी माझ्याच गाडीचं पोट बघून आलो. काही बिघडलं नाही. येताना एकही वळण चुकलं नाही, मोठ्यानं "आता वळा" असं स्वतःलाच म्हणत आलो. लोक बघत होते, बघू देत.

घरी पोचलो. चप्पलही काढली नाही, आधी अक्कांना फोन लावला.

"पोचलो," म्हटलं.

"बरं केलंत सांगितलंत," त्या म्हणाल्या.

एवढंच बोलणं झालं. वर्षापूर्वीही बोलायचं फार नव्हतं, दोनच शब्द होते.