रोझीमावशींचा अंगठा

“मॅडम, तुम्ही कॅन्सर लिहून द्या, म्हणजे मी सोमवारी अर्धा अंगठा काढतो,” डॉ. नाईक फोनवर म्हणाले. ते वसईतले सर्जन. मी पॅथॉलॉजिस्ट, तुळिंजला माझी लॅब आहे. त्यांनी गाठीचा तुकडा काढून पाठवायचा, म्हणजे बायोप्सी करायची, आणि मी तो मायक्रोस्कोपखाली बघून काय ते सांगायचं.

अंगठा रोझीमावशींचा होता, उजवा. मावशी पाचूबंदरच्या, मासळी विकणाऱ्या. कित्येक महिने त्यांच्या अंगठ्यावर चामखिळीसारखी गाठ वाढत होती. अंगठाच गेला तर मासा धरणार कशाने?

स्लाइड लावली आणि मी खुर्ची पुढे ओढली. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, धडाधड चाललं होतं. वरच्या कातडीच्या पेशी आत खोलवर उतरल्या होत्या. कॅन्सरमध्ये असंच दिसतं. तरी काहीतरी खटकलं, आणि खटकलं की मला चैन पडत नाही.

आपल्या पेशी मनाला येईल तेव्हा वाढत नाहीत. भाजी चिरताना बोट कापलं की त्यांना ‘वाढा’ असा रासायनिक निरोप जातो. जखम भरली, शेजारणीला शेजारीण टेकली, की ‘थांबा’. हे आपल्या अंगात रोज बिनबोभाट चालतं, याचं मला अजून नवल वाटतं. कॅन्सरच्या पेशी ‘थांबा’ ऐकत नाहीत, कुठेही आणि वेड्यावाकड्या विभागत सुटतात. इथे मात्र विभागणी नीटस होती आणि जिथे व्हायला हवी त्या तळच्या थरातच होती. या पेशी हुकमाने वाढत होत्या. मग हुकूम देत कोण होतं?

“सर, त्यांना काही लागलं होतं का?” मी डॉ. नाईकांना फोन करून विचारलं.

“विचारलं मी. नाही म्हणाल्या.”

“मला त्यांना भेटायचंय.”

“तुम्ही कधीपासून पेशंट बघायला लागलात?” म्हणाले, पण पाठवलं.

मावशी घुश्शातच आल्या. “बाजार टाकून आलेय. बोला.”

“अंगठ्याला कधी लागलं होतं?”

“नाय. डॉक्टरला सांगितलं ना.”

“बरं, काही टोचलं होतं?”

“टोचतं त रोजच. शिंगाल्याचा काटा गेलेला, लय ठनकलेला. पन त्याला लागनं कोन म्हनतं?”

शिंगाला हा मिशांवाला मासा. त्याचा काटा करवतीसारखा दातेरी, सहज आत मोडतो. मी डॉ. नाईकांना सांगितलं, “आत्ता मी कॅन्सर लिहीत नाही. आधी अंगठ्याची सोनोग्राफी करा.” सांगितलं खरं, पण माझा अंदाज चुकला असता तर कॅन्सरला पसरायला वेळ मिळाला असता. मला भीती वाटत होती.

सोनोग्राफीत काट्याचा तुकडा दिसला. डॉ. नाईकांनी तो काढला आणि गाठीचा आणखी खोलवरचा भाग मला पाठवला. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. कॅन्सर नव्हता. काटा आत असेपर्यंत पेशींच्या लेखी जखम भरलेलीच नव्हती, म्हणून त्या राबत होत्या. काटा निघाल्यावर गाठ हळूहळू बसली.

परवा बाजारात मावशी पापलेट साफ करत होत्या. हातमोजे घाला म्हटलं, तर म्हणाल्या, “घेता काय ते सांगा.” मी घेतलं.

डॉ. नाईक आता ‘लागलं का’च्या जोडीला ‘टोचलं का’ हेही विचारतात. मी एवढंच शिकले की कोणी थांबत नसेल, तर त्याला कापायला निघण्याआधी, कामाला कोणी लावलंय ते विचारून घ्यावं.